सोलापुरातल्या गच्चीवरून चंद्राच्या कला टिपायच्या असतील तर

तुम्ही विचारले आहे की, चोवीस मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि ५५-२५० मिलिमीटरची लेन्स एवढ्या सामग्रीवर जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवरून चंद्राच्या सगळ्या कला टिपायच्या आहेत आणि त्यांचा एक तक्ता करून भिंतीवर लावायचा आहे. पण दोन महिने रोज रात्री साडेआठला गच्चीवर जाऊनही फोटोत नुसती पांढरी टिकली येते, पौर्णिमेनंतर तर चंद्र सापडतच नाही, तेव्हा आता ६०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी की दुर्बीण घ्यावी. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : तूर्त दोन्ही घेऊ नका. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या अडचणी एकत्र मिसळल्या आहेत. पांढरी टिकली येते ती एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड येऊ द्यायचा तो हिशेब, चुकल्यामुळे आणि चंद्र सापडत नाही तो रोज साडेआठची वेळ धरल्यामुळे. महागडी लेन्स घेतली तर टिकली मोठी दिसेल, पण पांढरीच राहील, आणि कृष्ण पक्षात ती मोठी लेन्सही रिकाम्या आभाळाकडेच रोखलेली असेल.

मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करून पोट भरतो आणि चंद्राचे फोटो हौसेने काढतो. हौस फिल्मच्या काळापासूनची आहे, जेव्हा छत्तीसचा रोल धुऊन येईपर्यंत आपले काय चुकले ते कळत नसे. पुढे जे आकडे देत आहे ते माझ्या वहीतले आहेत. तुमच्या गच्चीवरून, तुमच्या लेन्सवर आणि त्या दिवसाच्या हवेत ते थोडे इकडेतिकडे होतील, हे गृहीत धरावे.

आधी लेन्सचा हिशेब मिटवू. चंद्राची सेन्सरवर पडणारी प्रतिमा किती मोठी, याचा एक सोपा हिशेब आहे : लेन्सची फोकल लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि तिला ११० ने भागायचे. तुमची लेन्स २५० वर असताना हे उत्तर २.३ मिलिमीटरच्या जवळपास येते. तुमच्यासारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल असतात, म्हणजे चंद्राचा व्यास सुमारे ६०० पिक्सेल भरतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असे धरले तर प्रत्येक चंद्र पाच सेंटिमीटरचा, स्वच्छ छापता येईल. तीस चंद्रांचा तक्ता करायचा तर यापेक्षा मोठा चंद्र भिंतीवर मावणार तरी कोठे? एकाच विवराचे मोठे चित्र हवे असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही तसे विचारलेले नाही.

आता पांढऱ्या टिकलीकडे येतो. रात्री फोटो काढतो म्हणून आपण आणि आपला कॅमेरा, दोघेही अंधाराचा विचार करत असतो. कॅमेऱ्याचे मीटर चौकटीतले काळे आभाळ पाहते आणि सगळे दृश्य उजळ करू पाहते. त्या नादात चंद्र जळून जातो. प्रत्यक्षात चंद्रावर भर दुपार असते. आपल्याकडे बोअर मारताना जो काळा पाषाण लागतो त्याचाच भाईबंद असलेला खडक तेथे उन्हात पडलेला आहे. ज्या डागांवरून आपल्या पूर्वजांनी चंद्राला शशांक आणि मृगांक म्हटले, ते डाग म्हणजे ३०० कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाची मैदाने आहेत, आणि सोलापूर ज्यावर वसले आहे तो दख्खनचा बेसॉल्टही लाव्हाच, फक्त तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्राचा पृष्ठभाग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सरासरी १२ टक्केच परत पाठवतो. म्हणजे दुपारी बारा वाजता विहिरीच्या काठावरच्या काळ्या दगडाचा फोटो काढायला जे एक्स्पोजर लागेल, साधारण तेच पौर्णिमेच्या चंद्राला लागते. हे एकदा मनात बसले की निम्मे काम झाले.

तेव्हा कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचे भोक; आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८, आणि शटर (उजेड आत येण्याची वेळ) पौर्णिमेला सेकंदाचा १/२५०. जुने लोक यासाठी एफ/११ चा नियम सांगतात : ॲपर्चर एफ/११ ठेवायचे आणि आयएसओ जितका असेल तितकाच भाग सेकंदाचा शटरला द्यायचा. दोन्ही हिशेब जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. मी एफ/८ धरतो कारण तुमच्यासारख्या झूम लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या तर कडा मऊ येतात आणि एफ/१६ च्या पुढे बंद केल्या तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळेच मऊ येते.

मात्र हाच आकडा पंधरवडाभर चालवता येत नाही, आणि एकच आकडा धरला तर काही फोटो पांढरे तर काही अगदी काळपट का येतात, याचे कारण येथे आहे. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून पौर्णिमेच्या निम्मा प्रकाश देत असेल असे वाटते. तो देतो साधारण दहावा हिस्सा. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे चंद्रावरच्या खाचखळग्यांच्या सावल्या त्या खळग्यांच्याच आड लपतात आणि आपल्याला फक्त उजळलेली बाजू दिसते. अष्टमीला ऊन बाजूने येते, प्रत्येक डोंगराची सावली पसरते आणि एकूण प्रकाश झपाट्याने घटतो. माझ्या वहीत आयएसओ १०० आणि एफ/८ ला दशमी-एकादशीसाठी १/१२५, अष्टमीसाठी १/६०, पंचमीसाठी १/३० आणि तृतीयेसाठी १/१५ असे आकडे आहेत. कृष्ण पक्षात हाच क्रम उलटा जातो. चंद्र क्षितिजाजवळ असेल किंवा हवेत धूळ असेल तर शटर एक-दोन पायऱ्यांनी (एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) हळू करावे लागते. प्रत्येक तिथीला ठरलेल्या आकड्याच्या एक पायरी खाली आणि एक पायरी वर असे तीन फोटो घ्या, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये घ्या, आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) उन्हाचा ठेवा, कारण चांदणे म्हणजे परतून आलेले ऊनच आहे. पडद्यावरचा फोटो अंधारात नेहमी उजळ भासतो, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहावा; उजवीकडच्या भिंतीला आलेख टेकला असेल तर चंद्र जळालेला आहे.

यावर एक निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. पूर्ण तक्त्याला एकच एक्स्पोजर वापरले तर कोर अंधुक आणि पौर्णिमा लख्ख येते, म्हणजे आभाळात जसे घडते तसे दिसते. तिथीप्रमाणे एक्स्पोजर बदलले तर प्रत्येक कलेतला तपशील उठून दिसतो, पण उजेडातला फरक पुसला जातो. बहुतेक लोक दुसरी रीत धरतात आणि मीही तीच धरतो, कारण घरी येणारा माणूस तक्त्यासमोर उभा राहून विवरे शोधतो, उजेडाचा फरक सहसा कोणी पाहत नाही.

आता वेळापत्रक, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. कधी हा फरक चाळीस मिनिटांपर्यंत खाली येतो, कधी साठच्या आसपास जातो. साडेआठ ही वेळ शुक्ल पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत ठीक आहे. शुक्ल द्वितीयेची कोर तोवर मावळलेली असते. वद्य चतुर्थीला काय होते ते तर घराघरांत ठाऊक आहे : संकष्टीचा उपास सोडायला आपण नऊ-साडेनऊपर्यंत चंद्रोदयाची वाट पाहत बसतो. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून तर गोकुळाष्टमीला जन्मकाळ आणि चंद्रोदय जवळजवळ एकत्र येतात. द्वादशीचा चंद्र पहाटे तीन-साडेतीनला वर येतो. जे पंचांग आपल्या घरात सत्यनारायणाच्या मुहूर्तासाठी आणले जाते तेच या कामाला सर्वांत चांगले साधन आहे, आणि दाते पंचांग तर आपल्याच गावातून निघते. मी वर्षाच्या सुरुवातीला त्यातून तिथी उतरवून घेतो आणि प्रत्येकीसमोर फोटोची वेळ पेन्सिलने मांडून ठेवतो.

पंचांग वाचताना एक खुबी लक्षात ठेवावी. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, आणि चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी १९ तासांत संपते तर कधी २६ तास रेंगाळते. दिनदर्शिकेवर छापलेली तिथी सूर्योदयाच्या वेळची असते. संध्याकाळी तुम्ही गच्चीवर जाईपर्यंत पुढची लागलेली असू शकते. पौर्णिमेबाबत तर हे फारच नडते. चंद्र शंभर टक्के भरतो तो क्षण म्हणजे पौर्णिमा तिथीची समाप्ती. समजा पौर्णिमा एखाद्या सकाळी ९ वाजता संपत असेल, तर आदल्या रात्रीचा उत्तररात्रीचा चंद्र अधिक भरलेला असतो आणि ज्या दिवसाच्या चौकोनात पूर्ण गोल छापला आहे त्या दिवशी संध्याकाळी उगवणारा चंद्र वद्य प्रतिपदेचा असतो. पूर्ण दिवस चुकला तरी प्रकाशित भाग जेमतेम एक टक्का कमी होतो, पण एका कडेवर विवरांची रांग उमटते आणि जाणता माणूस लगेच ओळखतो. अर्ध्या चंद्रासाठी मात्र अष्टमी तिथीचा मध्य धरावा, कारण चंद्र आणि सूर्य यांच्यात ९० अंश तेव्हा होतात.

पहाटे तीनला उठणे नोकरदार माणसाला पंधरा दिवस जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कृष्ण पक्षातला चंद्र रात्री उशिरा उगवतो म्हणजेच सकाळी उशिरापर्यंत आभाळात असतो. वद्य अष्टमीला सूर्योदयाच्या वेळी तो दक्षिणेला उंच किंवा ऋतूप्रमाणे अगदी डोक्यावर असतो आणि दुपारी बाराच्या सुमारास मावळतो. वद्य चतुर्थीचा चंद्र सकाळी सातला पश्चिमेकडे चांगला वर दिसतो. दूध घ्यायला किंवा फिरायला बाहेर पडण्याच्या वेळेत ही सगळी कामे होतात. मी माझ्या कृष्ण पक्षाच्या तक्त्यातले निम्म्याहून जास्त फोटो सकाळचा चहा होण्याआधी घेतलेले आहेत. सूर्योदयापूर्वीची वीस मिनिटे उत्तम, कारण आभाळ तेव्हा गडद निळे असते. सूर्य वर आल्यानंतर अर्ध्या चंद्राला एफ/८, आयएसओ १०० वर १/१२५ ते १/२५० च्या दरम्यान शटर ठेवावे, कारण चंद्राच्या उजेडात आभाळाचा उजेडही मिसळतो. अष्टमीच्या चंद्राला पोलरायझिंग फिल्टर लावून पाहा. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळाचा प्रकाश सर्वाधिक ध्रुवित (म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा) असतो आणि अष्टमीचा चंद्र नेमका तेथेच उभा असतो, त्यामुळे फिल्टर फिरवताच निळे आभाळ झाकोळते आणि चंद्र पुढे येतो. पुढे संगणकावर फोटो कृष्णधवल करून काळ्या छटा खाली ओढल्या की रात्रीच्या फोटोंशेजारी तो फारसा वेगळा वाटत नाही. चंद्राचा अंधारा भाग दिवसा आभाळाच्याच रंगाचा दिसतो, म्हणून दोन्ही एकदमच काळे होतात. शुक्ल अष्टमीचा चंद्रही दुपारी चारला पूर्वेकडे याच रीतीने मिळतो.

फोकसबद्दल थोडक्यात. लेन्सवरची अनंताची खूण, ती असलीच तर, भरवशाची नसते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर थेट दिसणारे चित्र, सुरू करा, चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर पडदा दहापट मोठा करा, मॅन्युअल फोकसची कडी हळूहळू फिरवा आणि विवराची कड टोकदार दिसली की कडीला हात लावू नका. गच्चीवर आल्यानंतर पंधरा मिनिटे कॅमेरा बाहेरच्या हवेत राहू द्या आणि मग फोकस करा, नाहीतर लेन्सचे तापमान बदलताना तो सरकतो.

फोटो हलण्याच्या बाबतीत मात्र मला बरेच सांगायचे आहे, कारण यात मी एक पूर्ण हिवाळा वाया घालवला. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आमच्या गल्लीत तळमजल्यावर यंत्रमाग आहेत आणि त्यांची खटखट आमच्या कानांना इतकी सवयीची आहे की ती थांबली तरच जाग येते. नवा ट्रायपॉड, नवा केबल रिलीज, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, असे सगळे करूनही अष्टमीचे माझे फोटो दर वेळी किंचित दुहेरी यायचे. लेन्स बिघडली असे समजून ती दुरुस्तीला पाठवली. पैसे गेले, दोष तसाच राहिला. एका संकष्टीला नैवेद्याचे ताट कठड्यावर ठेवून बायको चंद्राला पाणी सोडत होती. ताटातल्या वाटीत पाणी होते आणि त्यात चंद्राचे प्रतिबिंब पडले होते. ते प्रतिबिंब कापत होते. वारा नव्हता. वाटी उचलून हातात धरली तेव्हा स्थिर झाले, पुन्हा कठड्यावर ठेवली तसे बारीक लाटा उठू लागल्या. खालच्या मागांचा हादरा स्लॅबमधून, कठड्यातून आणि माझ्या ट्रायपॉडमधून थेट लेन्सपर्यंत जात होता.

तेव्हापासून कोणत्याही नव्या जागी ट्रायपॉड लावण्याआधी मी वाटीत पाणी घेऊन ही परीक्षा करतो. तुमच्याकडे माग नसतील, पण पाण्याची मोटर असेल, शेजारच्या गच्चीवर एअर कूलर असेल, खालून जाणारा ट्रक असेल. ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाखाली रबरी चटईचा जाड तुकडा ठेवावा, पाय शक्यतो कमी लांबवावेत, मधला दांडा वर काढू नये, आणि गच्चीच्या मधोमध उभे राहण्याऐवजी खांबाच्या किंवा भिंतीच्या जवळ उभे राहावे, कारण स्लॅब मध्यावर जास्त थरथरतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो काढला की आरसा आधीच वर गेलेला असतो, त्याचाही झटका वाचतो. मी स्वतः आता १/६० पेक्षा हळू शटर लागणारी कामे मागांच्या सुट्टीच्या दिवशी करतो. तिथी आणि सुट्टी जुळली नाही तर आयएसओ ४०० करून शटर १/१२५ वर आणतो. थोडे दाणे येतात, पण दुहेरी रेघ येण्यापेक्षा ते परवडतात.

हवेचा प्रश्न सोलापुरात वेगळाच आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर चाळीस अंशांच्या वर तापलेला स्लॅब रात्री नऊलाही अनवाणी पायाला चटका देतो, आणि त्यावरून उठणारी गरम हवा लेन्ससमोरून वर जाताना चंद्राची कड उकळत्या पाण्यासारखी हलवते. यावर शटरचा वेग वाढवून काही उपाय होत नाही. झोपण्यापूर्वी गच्चीवर पाणी मारण्याची आपली जुनी पद्धत येथे उपयोगी पडते; फोटोच्या तास-दीड तास आधी मारावे, म्हणजे वाफ निघून गेलेली असते. त्याहून चांगले म्हणजे शेजाऱ्यांच्या पत्र्यांवरून तिरपे न पाहता चंद्र ४० अंशांच्या वर चढण्याची वाट पाहणे. क्षितिजापासून ३० अंशांवर चंद्रप्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट जाडीची हवा ओलांडावी लागते आणि १० अंशांवर पाचपटीहून जास्त. आपण १७.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे चंद्र बहुतेक रात्री भरपूर उंच चढतो, ही आपली कमाई आहे. लंडनचा हौशी माणूस यासाठी आपला हेवा करील. उलट बाजूने, मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा इतकी डोक्यावर येते की ट्रायपॉडची मुंडी तेवढी वर वळत नाही. तेव्हा मध्यरात्रीचा हट्ट न धरता रात्री नऊ-दहाला काम उरकावे.

जून ते सप्टेंबर हे महिने ढगांचे आहेत, त्यांच्याकडून सलग पंधरवड्याची अपेक्षा करू नये. पण पावसाने उघडीप दिली त्या रात्री धूळ खाली बसलेली असते आणि फोटो असा येतो की वर्षभरात तसा मिळत नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीची कोर माझ्या तक्त्यात त्या महिन्याची कधीच नाही. आजीने लहानपणी घातलेली चंद्र न पाहण्याची बंदी मी व्ह्यूफाइंडरलाही लागू करतो, आणि ती चौकट दुसऱ्या महिन्यातून भरून काढतो.

शुक्ल द्वितीयेची, म्हणजे बीजेची कोर हा या सगळ्यातला अवघड आणि देखणा भाग. ती सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या खिडकीतच मिळते. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिचा काळ, कारण त्या दिवसांत आपल्या अक्षांशावर चंद्राचा मार्ग मावळतीच्या क्षितिजावर जवळजवळ सरळ उभा असतो. सूर्य जेथे बुडाला तेथून कोर थेट वर दिसते आणि होडीसारखी आडवी तरंगते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हाच मार्ग तिरपा पडतो, कोर कलते आणि लवकर क्षितिजाच्या धुळीत जाते. तुमच्या गच्चीच्या पश्चिमेला विजेच्या तारा किंवा पाण्याची टाकी आहे का, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. मी एकदा वर्षातली सर्वांत बारीक कोर शेजाऱ्यांच्या डिश अँटेनाच्या मागे मावळताना पाहिली आहे.

या कोरेच्या कुशीत चंद्राचा उरलेला भाग राखाडी दिसतो तो पृथ्वीवरून परतलेल्या उजेडामुळे. लिओनार्डो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी त्याचे कारण आपल्या वहीत लिहून ठेवले होते. तो टिपायला आयएसओ १६००, लेन्सचे सर्वांत मोठे ॲपर्चर आणि अर्धा ते एक सेकंद लागतो. त्याहून जास्त वेळ देऊ नये. चंद्र आभाळात दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एका अंशात ३,६०० विकला) सरकतो आणि तुमच्या लेन्सवर ते सेकंदाला जवळजवळ पाच पिक्सेल होतात. त्या फोटोत उजळ कोर जळणार हे ठरलेलेच आहे. हवे तर दोन वेगळे फोटो काढून संगणकावर जोडा, पण तक्त्याखाली तसे लिहा.

तक्ता जोडताना तीन गोष्टींनी लोक गोंधळतात. पहिली म्हणजे दिशा. चंद्र उगवताना, डोक्यावर आणि मावळताना वेगवेगळा फिरलेला दिसतो, आणि आपल्याकडे तो डोक्याजवळून जात असल्याने हा फेर जवळपास अर्ध्या वर्तुळाएवढा होऊ शकतो. शुक्ल पक्षातले फोटो पश्चिमेचे आणि कृष्ण पक्षातले पूर्वेचे असतील तर सरळ ओळीत ठेवल्यावर ते एकमेकांशी बोलतच नाहीत. टायको हे किरणांचे ८५ किलोमीटरचे विवर दक्षिणेला आहे. ते प्रत्येक फोटोत खाली येईल असे चित्र फिरवावे, आणि बारीक कोरेत ते दिसत नसेल तर दोन टोकांना जोडणारी रेषा उभी करावी. दुसरी गोष्ट आकाराची. चंद्र कधी सुमारे ३,५६,००० किलोमीटरवर येतो तर कधी ४,०६,००० किलोमीटरवर जातो, म्हणून तुमच्याच लेन्सवर त्याचा व्यास ५७५ ते ६५५ पिक्सेलच्या दरम्यान बदलेल. लेन्स कायम २५० च्या टोकावर ठेवा, म्हणजे दिसणारा फरक चंद्राचाच आहे याची खात्री राहील. तिसरी गोष्ट, चंद्र किंचित डुलतो, त्यामुळे कडेवरची मैदाने कधी आत सरकलेली तर कधी बाहेर गेलेली दिसतात. या डुलण्यामुळेच आपल्याला कालांतराने त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग दिसतो. हे तुमचे चुकलेले नाही, दुरुस्त करायला जाऊ नका.

शक्य असेल तर प्रत्येक तिथीला एका फोटोवर न थांबता पाठोपाठ तीस-चाळीस घ्या आणि ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत प्रणालीत ते एकावर एक बसवा. हवेची थरथर त्यात सरासरीने विरते आणि मग थोडी धार देता येते. धार जास्त झाली की चंद्राच्या कडेला पांढरी रेघ येते. ती दिसली की एक पाऊल मागे यावे. चंद्रावरचे डोंगर पाहायचे असतील तर लक्ष उजेड-अंधाराच्या सीमेवर ठेवा. तेथे सकाळ किंवा संध्याकाळ असते आणि सावल्या लांब असतात. अष्टमीला ॲपेनाइन पर्वतरांग आणि दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटरचे कोपर्निकस विवर अशाच उन्हात उभे राहते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले तोही असाच, शुक्ल अष्टमीच्या उंबरठ्यावरचा दिवस होता. ती जागा चंद्राच्या दक्षिणेकडे, ६९ अंश अक्षांशावर आहे आणि तेथे तेव्हा ऊन तिरपे होते. मी त्या संध्याकाळी ढगांच्या फटीतून दोनच फोटो घेऊ शकलो आणि दोन्ही चांगले नाहीत, पण तक्त्यात सप्तमीच्या चौकटीत त्यांतलाच एक आहे.

मोबाइलवर चालेल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात चंद्र पंचवीस-तीस पिक्सेलचा येतो, म्हणून त्याने एकट्याने हे होत नाही. टेलिफोटो असलेल्या मोबाइलवर काही प्रमाणात होते, पण काही मोबाइल चंद्र ओळखून त्यावर आपल्या मनचा तपशील चढवतात, आणि मग तो फोटो तुमचा किती आणि त्यांचा किती हे सांगता येत नाही. कॅमेरा हातात असताना त्या वाटेला जाण्याचे कारण दिसत नाही.

सगळे एका महिन्यात होणार नाही. माझा पहिला तक्ता अकरा महिन्यांत भरला. प्रत्येक चौकटीखाली तारीख, वेळ आणि तिथी लिहिली तर वेगवेगळ्या महिन्यांतले चंद्र एकत्र आणण्यात काही गैर नाही. अमावस्येच्या चौकटीत काय ठेवावे हे मला बरेच जण विचारतात. काही जण ग्रहणातला काळवंडलेला चंद्र लावतात, तो चुकीचा आहे, कारण चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते. मी अमावस्येच्या रात्री लेन्सची टोपी न लावता, त्याच एफ/८ आणि १/२५० वर आभाळाचा एक फोटो काढतो, आणि तो काळा चौकोन तसाच तिसाव्या जागी चिकटवतो.